मास्तरांनी न पाहिलेला एक सेकंद

माने मास्तरांची नि माझी पहिली भेट रद्दीवरून झाली. आमच्या तंबू टॉकीजचा मुक्काम तेव्हा माधवनगरला, गिरणीमागच्या मैदानात होता. मी त्या तंबूचा ऑपरेटर, म्हणजे मशीन चालवणारा, फिल्म तुटली की जोडणारा, आणि जोडून होईपर्यंत पब्लिकच्या शिव्या खाणारा. एका दुपारी मशीनला तेल देत बसलो असताना केबिनच्या दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. अंगात गिरणीचा खाकी सदरा, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत निळेजांभळे.

"रद्दी फिल्म हाय का?" त्यांनी विचारलं.

असली मागणी पोरं करतात. कापून टाकलेले तुकडे नेतात, भिंग लावून भिंतीवर हिरो बघतात. तिशी उलटलेला माणूस कशाला मागतोय, म्हणून मी जरा तिरसटपणेच विचारलं, "तुम्हाला काय करायची?"

"धुवून पुसून कोरी करायची आन् तिच्यावर चित्रं काढायची."

मी हसलो. जुन्या जाहिरातींचा एक गुंडाळा धूळ खात पडला होता, तो त्यांच्या हातात दिला आणि विसरून गेलो. विष्णुपंत माने यांची आणि माझी ओळख ही अशी. गिरणीच्या रंगखात्यात त्यांना सगळे 'रंगमास्तर' म्हणत. पुढे तुम्हा शेकडो मुलांचे ते नुसते 'मास्तर' झाले, पण ते फार नंतर.

मास्तरांच्या पंच्याहत्तरीच्या गौरव समितीनं मला पत्र पाठवलं आहे. मास्तरांचं कार्य, त्यांची मूल्यं आणि त्यांचा स्नेह यांवर प्रसंग देऊन लिहावं, आणि लेख आटोपशीर असावा, असं त्यात आहे. आटोपशीर करणं माझ्या धंद्यातलंच आहे. मी आयुष्यभर फिल्म कापली. मात्र यात एक गोष्ट अशी आहे की ती मी या वेळी कापणार नाही. मास्तरांच्या एकुलत्या मुलीनं, सुमननं, स्वतःच्या हातानं रंगवलेली एक सेकंदाची फिल्म होती. मास्तरांना ती कधीच पाहायला मिळाली नाही. का मिळाली नाही, हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मी चाळीसहून जास्त वर्षं तोंड शिवून बसलो. गौरवग्रंथात लेखकानं आपली पापं सांगत बसू नये हे मलाही कळतं. पण मास्तर किती मोठे आहेत हे त्या पापाशिवाय मला सांगताच येत नाही, त्याला मी काय करू?

रद्दी नेल्यानंतर आठ-दहा दिवसांनी मास्तर परत आले. वीतभर पट्टी त्यांनी रुमालात गुंडाळून आणली होती. म्हणाले, एवढी मशीनवर चालवून दाखवा. तंबू रिकामा होता, मी चालवली. पडद्यावर काहीतरी शेंदरी चमकलं आणि गेलं. मास्तर पडद्यासमोर उभे होते, ते वळून म्हणाले, "संपली?"

मी त्यांना समजावून सांगितलं. एका सेकंदाला चोवीस चित्रं पडद्यावरून जातात. फिल्म मापली तर एक सेकंद म्हणजे दोन वीत. तुम्ही वीतभर आणलीत, म्हणजे अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदासाठी त्यांनी सलग सहा दिवस घालवले होते. मला वाटलं, आता हा माणूस नाद सोडणार. मास्तर बोटं मोजत थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मग लय लागंल. रद्दी ठिवा माझ्यासाठी."

हा खटाटोप कशासाठी, ते मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळलं. गिरणीच्या चाळीत दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून एक खोकं, खोक्यावर काच, काचेखाली आरसा. खिडकीतलं ऊन आरशावर पडून काचेतून वर येई, आणि त्या उजेडात मास्तर नखाएवढ्या चौकटीत चित्र काढत. पहिली पाळी करून तीनला घरी आले की ऊन जाईपर्यंत ते तिथं बसलेले असत. खोलीच्या दुसऱ्या टोकाला खाट होती. खाटेवर सुमन.

सुमन तेव्हा दहा वर्षांची होती. तिला झटके येत. मिरजेच्या डॉक्टरांनी डोक्यात गाठ असल्याचं सांगितलं होतं, आणि ती काढण्याजोगी नाही हेही सांगितलं होतं. झटका येण्याआधी आणि ताप चढला की तिला नाना गोष्टी दिसत. खाट तरंगू लागे. उसाची कांडी सुटी होऊन गोमेसारखी चालत यायची. गिरणीची चिमणी वाकून कृष्णेचं पाणी प्यायची, बाजारातल्या गुळाच्या ढेपी पापण्या उघडून बघायच्या. पोर हे सांगायची आणि आजूबाजूची माणसं पदर तोंडाला लावायची. कुणी बाहेरचं झालंय म्हणे, कुणी देवऋषी सुचवी. शाळेतल्या मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. तिची आई, आमच्या इंदूवहिनी, घाबरून तिचं तोंड दाबायच्या, की असलं काही बोलू नकोस, बाई.

"तिला एकटीलाच दिसतं, हे वाईट," मास्तर मला म्हणाले. "दुखनं हाय ते हाय. ते मी काढू शकत न्हाई. पर जे दिसतं ते धा मानसांनी बसून बघितलं, तर ती एकटी ऱ्हानार न्हाई."

असा सगळा विचार होता. त्यामागे कला वगैरे काही नव्हतं. आज टीव्हीवर साबणाच्या जाहिरातीतसुद्धा माणसं वितळतात, घरं चालू लागतात, आणि पोरं ते बघत जेवतात. तेव्हा सांगली-साताऱ्यात असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. मास्तरांनीही नव्हतं. त्यांनी पाहिली होती ती दोन-चार परदेशी कार्टूनं, मुख्य पिक्चरच्या आधी लागणारी, मांजर उंदरामागं धावतंय अशी. रंग मात्र त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. राणी, मोरपंखी, शेंदरी, असे गिरणीचे रंग ते चिमटीचिमटीनं आणत. ब्लीचच्या पाण्यात फिल्म धुऊन कोरी करत. कोऱ्या पट्टीवर रंग धरेना, म्हणून त्यात बाभळीचा डिंक घातला. डिंक वाळून तडकू लागला, म्हणून त्यात किंचित गूळ घातला. गुळानं रंग मऊ राहिला खरा, पण त्याला मुंग्या लागल्या. एका रविवारी मी गेलो तर मास्तर डोक्याला हात लावून बसलेले. चिमणी पाणी पिते तो सगळा भाग मुंग्यांनी चाटून त्यात बारीक वेड्यावाकड्या वाटा पाडल्या होत्या. पंधरा दिवसांचं काम होतं. खाटेवरून सुमन म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आबा. त्या दिशीबी मुंग्या हुत्या. मी सांगायची ऱ्हायले." मास्तरांनी ते तसंच ठेवलं. त्यांना बरं वाटावं म्हणून पोर खोटं बोलली, असं मला आजही वाटतं.

मास्तरांच्या मूल्यांविषयी लिहायचं तर मला एकच ठाऊक आहे. तिला दिसलं तेच काढायचं. वहिनी एकदा काकुळतीनं म्हणाल्या, "आवं, एवढं करताय तर एखादा पोपट तरी काढा, एखादं देवाचं. पोरीला बरं वाटंल." मास्तर म्हणाले, "तिला पोपट दिसला न्हाई, इंदू." एकेक तुकडा झाला की ते खोकं खाटेजवळ नेत, सुमन भिंग धरून बघे, आणि परीक्षक असावी तशी सांगे, की चिमणी इतकी वाकडी नव्हती, पाणी राणी रंगाचं नव्हतं, काळं होतं. मग तो भाग पुन्हा. मला हे बघून राग यायचा. मी एकदा म्हटलंही, "मास्तर, कुणाला कळतंय? पडद्यावर पापणी लवायच्या आत जातं ते." ते म्हणाले, "तिला कळतंय की." माझं मत मात्र काही बदललं नाही. पापणी लवायच्या आत जातं ते गेलं तरी चालतं, हे माझं मत, आणि तेच पुढं नडलं.

आमचा तंबू गावोगाव फिरे. विटा, पलूस, तासगाव, कुंडल, पावसाळ्यात बंद, की पुन्हा माधवनगर. असं होता होता दोन वर्षं गेली. मास्तरांचा हात बसला, दिवसाला दहा-बारा चौकटी होऊ लागल्या, आणि फिल्म चार मिनिटांपर्यंत आली. सुमनला आता उठून बसवत नव्हतं. बोलताना शब्द अडखळायचे. एकदा मी गेलो तेव्हा तिनं मला खाटेजवळ बोलावलं आणि म्हणाली, "दिनूकाका, शेवटचं मी काढतिया. आबांनी बघायचं न्हाई, पडद्यावरच बघायचं." आडवं पडूनच, छातीवर पाटी ठेवून, दिवसाला दोन-तीन चौकटी ती काढत होती. हात कापायचा. मास्तर तेव्हा खरोखर तोंड फिरवून बसत. तिनं चोवीस चौकटी पुऱ्या केल्या, वहीच्या कागदात गुंडाळल्या, वर दोरा बांधला. त्यानंतर तीन आठवड्यांनी ती गेली.

मी माती द्यायलासुद्धा नव्हतो. आमचा मुक्काम लांब होता. कळलं तेव्हा दिवस होऊन गेले होते.

दीड महिन्यानं आमचा तंबू कुंडलला लागला. कुंडल हे मास्तरांचं गाव. मालकांना मी आधीच पटवून ठेवलं होतं, की पहिल्या खेळाच्या आधी जाहिरातींच्या जागी ही चार मिनिटं लावायची. मास्तर नि वहिनी एस.टी.नं आले. वहिनींना धरून आणावं लागत होतं. मास्तरांनी फिल्मचा डबा माझ्या हातात दिला आणि खिशातून ती दोऱ्यानं बांधलेली पुडी काढली. म्हणाले, "हे शेवटाला जोडा. मी बघितल्यालं न्हाई. हिनंबी न्हाई." आणि दोघं जाऊन पब्लिकमध्ये जमिनीवर बसली.

फिल्म जोडायची म्हणजे टोकावरचा थर ब्लेडनं साफ खरवडावा लागतो, मग सोल्युशन लावून दाबून धरायचं. डिंकाचा रंग जाड होता, नीट खरवडायला वेळ हवा होता. खेळाची घंटा झाली होती. मी घाईत खरवडलं, घाईत दाबलं. जोडताना त्या दोन विती बत्तीपुढं धरून पाहिल्या. चोवीस चौकटींत एकच चित्र होतं. हलत काहीच नव्हतं. मला वाटलं, पोरीला जमलं नसेल बिचारीला.

खेळ सुरू झाला. फिल्मला आवाज नव्हता, नुसता जनरेटरचा. पब्लिक आधी गप्प, मग खुसखुस, मग शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं, "ऑपरेटर प्यालाय रं." ढेपींनी डोळे उघडले तेव्हा बायकांच्या बाजूला एक पोर रडायला लागलं. मालक केबिनमध्ये येऊन म्हणाले, बंद कर. मी म्हटलं, संपतंय आता. आणि संपता संपता, सुमनचा भाग मशीनमध्ये शिरत असताना, माझा तो जोड सुटला. पट्टी अडकली, कडेची भोकं फाटली, पडदा पांढरा झाला. मी बत्ती झाकली, अडकलेलं ओढून काढलं. पाच-सहा चौकटींच्या कडा फाटल्या होत्या, बाकीच्या धड होत्या. पाच मिनिटं मिळाली असती तर पुन्हा जोडून दाखवता आलं असतं. बाहेर शिट्ट्यांचा कल्लोळ, मालक डोक्यावर. मी मनाशी म्हटलं, एक सेकंद तर आहे, त्यात हलत काही नाही, कुणाला कळतंय? तो तुकडा रद्दीच्या डब्यात टाकला आणि पिक्चरचं पहिलं रीळ लावलं.

आमच्यात रद्दीचा एक उपयोग होता. फिल्मचा तुकडा भराभर पेटतो, म्हणून सकाळी स्टोव्ह पेटवायला आम्ही तोच वापरायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी झोपेच्या धुंदीत मी डब्यात हात घातला, हाताला आलं ते काडी लावून स्टोव्हखाली सारलं. रंग फुगून आला तेव्हा कळलं. ओढून काढेपर्यंत हातात गोळा राहिला होता.

तेवढ्यात मास्तरांची हाक आली. वहिनी मागं उभ्या होत्या. मास्तर म्हणाले, "काल शेवटचं दिसलं न्हाई, दिनकरराव. हिला म्हनलं, सकाळी तंबू रिकामा असतोय, दाखिवतील. दाखिवता का?"

मला अजून ते 'दाखिवता का' ऐकू येतं. मी म्हटलं, "मास्तर, काल जोड सुटला आणि तुकडा बत्तीसमोर अडकला. मशीननं जाळला."

 मास्तरांनी माझा उजवा हात हातात घेतला. बोटाला फोड आली होती, ती त्यांनी पाहिली. "लय भाजलं का?" त्यांनी विचारलं. "इंदू, ह्येंच्या हाताला काय तरी लावाय बघ." त्याच स्टोव्हवर मी त्या दोघांना चहा करून दिला. त्यांनी तो घेतला.

त्या एका वाक्यानं मी स्वतःला किती बांधून घेतलं, हे मला नंतर उमगलं. मशीननं जाळलं म्हटल्यावर, त्यात काय होतं हे मला कसं ठाऊक असणार? जाताना मास्तरांनी विचारलंच, "तुमी जोडताना बघितलं आसंल की. काय हुतं?" मी म्हटलं, "घाई होती. बघितलं नाही." खोट्याच्या पाठीमागं दुसरं खोटं असं गेलं. माझ्याकडं होतं ते सांगून टाकलं असतं तर निदान तेवढं तरी त्या माउलीला मिळालं असतं. वहिनी पुढं अकरा वर्षं होत्या. त्या तशाच गेल्या.

मास्तरांनी ती जागा दुसऱ्या चित्रानं भरली नाही. फिल्मच्या शेवटाला त्यांनी दोन वीत कोरी पट्टी मला जोडायला लावली. पुढं त्या हंगामात मालकांची मनधरणी करून मी ती फिल्म बऱ्याच गावांत लावली, आणि दर वेळी शेवटी एक सेकंदभर पडदा नुसता पांढरा व्हायचा. लोकांना वाटायचं, संपली. मास्तर जिथं हजर असत तिथं त्या पांढऱ्या पडद्याकडं बघत राहायचे. माझी मान खाली असायची.

त्याच हंगामात जतकडच्या एका गावी, खेळ सुटल्यावर, एक धनगर म्हातारी केबिनच्या दारात आली. मला वाटलं, तक्रार करणार. ती म्हणाली, "हे कुनी काडलं? माझ्या नातवाला ताप चडला की आसंच दिसायचं. म्हनायचा, भिंत चालतिया. आमी म्हनायचो, खोटं बोलतंय, मारायचो त्येला." एवढं सांगून ती तिथंच बसली आणि रडली. नातवाचं काय झालं हे मी विचारलं नाही. मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग बरं झालं काढलं ते." इतके दिवस केलेल्या कामाविषयी ते एवढंच बोलल्याचं मला आठवतं.

पुढं टीव्ही आला, व्हिडिओ आला, आमचा तंबू मोडला. मी घरी बसलो. मास्तर स्वतः मला घेऊन सांगलीतल्या एका थेटरच्या मालकांकडं गेले आणि म्हणाले, "ह्या मानसाचा फिल्मवर लय जीव हाय. डोळं झाकून ठिवून घ्या." मी तिथं मान खाली घालून उभा होतो. मालकांना वाटलं, माणूस विनयशील आहे. त्या शब्दावर मी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली, माझी मुलं शिकली. याला स्नेह म्हणायचं की शिक्षा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गिरणी बंद पडल्यावर मास्तर कुंडलला परत गेले, आणि घराच्या पडवीत त्यांनी मुलांना चित्र शिकवायला सुरुवात केली. ते तुम्ही, त्यांचे विद्यार्थी, माझ्यापेक्षा चांगलं लिहाल. मी एवढंच पाहिलं आहे की मुलानं झाड निळं काढलं तर मास्तर "झाड हिरवं असतं" असं म्हणत नसत. "तुला निळं दिसलं का?" असं विचारत, आणि उत्तराची वाट बघत. एकदा मुंबईचे एक गृहस्थ फिल्म बघायला आले होते. तोवर रंग उडून सगळं फिकट गुलाबी झालं होतं, तरी ते भारावले. म्हणाले, याला सायकेडेलिक म्हणतात, त्या काळात परदेशात लोक असलं दिसावं म्हणून औषधं घ्यायचे. मास्तरांनी विचारलं, "मुद्दाम?" ते हो म्हणाले.  मास्तर म्हणाले, "आमच्या सुमीला नको हुतं ते."

आता फिल्म उरलेली नाही. डबा उघडला की आंबूस वास येतो आणि पट्टी हातात तुटते. काचबिंदूनं मास्तरांचे डोळेही गेले. समितीचं पत्र आलं त्या दिवशी मी लिहायला बसलो आणि चार ओळींच्या पुढं हात जाईना. म्हणून आधी कुंडलला गेलो. ग्रंथात छापून आलेलं कुणीतरी वाचून दाखवणार आणि त्यातून मास्तरांना कळणार, हे बरोबर नव्हतं.

पडवीत दोघंच होतो. मी सगळं सांगितलं. जोड, रद्दीचा डबा, स्टोव्ह, चहा. मास्तर पंच्याहत्तराव्या वर्षीही ताठ बसतात, तसे बसून होते. मी थांबलो तेव्हा ते मला एक शब्दही लावून बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हंजी तुमी बघितलं हुतं."

"हो."

"काय हुतं?"

मी सांगितलं. खिडकी होती, खिडकीत पिवळं ऊन होतं, आणि उन्हाच्या पुढं एक माणूस पाठमोरा वाकून बसला होता.

"पाठ?"

"हो. खाटेवरून दिसते तशी."

 ते म्हणाले, "म्हंजी दोन वर्सं मी तिच्याकडं पाठ करून बसलो, दिनकरराव. तेवढीच दिसली तिला."

त्या क्षणी मला वाटलं, सांगायला नको होतं. पण मग माझ्या लक्षात आलं, की मी अजून सगळं सांगितलेलं नाही. ज्या कारणानं मी तो तुकडा फेकला, तेच सांगायचं राहिलं होतं. मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या चार मिनिटांत एक वस्तू जागेवर राहत नव्हती. खाट, चिमणी, ऊस, भिंती, सगळं हलायचं. तिच्या तुकड्यात काही हलत नव्हतं. चोवीसच्या चोवीस चौकटींत तुम्ही होता तसेच. तिचा हात एवढा कापत होता, तरी तिनं तुम्हाला हलू दिलं नव्हतं."

"हलत न्हवतो?"

"नाही."

"चोवीसबी?"

"चोवीसही."

मास्तरांनी पंच्यानं डोळे पुसले. मी आजवर त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, सुमन गेल्यावर कुंडलला आले तेव्हाही नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले, "आता परत सांगा. सावकाश. खिडकीपास्नं सांगा."

तेव्हापासून मी दर गुरुवारी कुंडलला जातो आणि खिडकीपासून सांगतो. ते मधे मधे विचारतात, गजांचा रंग कुठला, सदरा खाकी होता का पांढरा, सावली कुठल्या बाजूला पडली होती. मला आठवतं तेवढं सांगतो. आठवत नाही तिथं आठवत नाही म्हणतो. या बाबतीत आता मी खोटं बोलणार नाही. माफीचा विषय त्यांनी काढलेला नाही, मीही काढलेला नाही.

मास्तरांना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य मिळावं, अशी आपणा सगळ्यांच्या वतीनं मी प्रार्थना करतो. प्रार्थनेच्या शेवटी माझ्यापुरतं एक मागणं जोडतो. देवा, मास्तर असतील तितके दिवस मलाही ठेव, आणि माझी आठवण शाबूत ठेव. ती चोवीस चित्रं पाहिलेला माणूस माझ्याशिवाय कुणी नाही, आणि मास्तरांची ती अजून बघून झालेली नाहीत.

— दिनकर शिंदे
(निवृत्त सिनेमा ऑपरेटर, सांगली)